जावईबापूंचं वजन

मी जावईबापू बोलतोय. दचकू नका, मी कुणाचाही जावई नाही. माझं लग्न झालेलं नाही आणि होण्याची शक्यताही नाही, कारण कमरेखाली मी निव्वळ वाळू आहे. नदीवर पुलाचं काम चालू आहे. तिथे कुणी पाण्यात पडलं तर त्याला बाहेर कसं काढायचं, हे कामगारांना शिकवण्यासाठी मला बनवलं. मी पडतो, ते काढतात. पुन्हा पडतो, पुन्हा काढतात. थोडक्यात, मला बुडण्याची नोकरी आहे.

नाव कामगारांनी ठेवलं. पहिल्या दिवशी चौघांनी मला उचलून होडीत मधोमध बसवलं, तेव्हा त्यातला एकजण म्हणाला, "हे बघा, स्वतः हातपाय हलवायचे नाहीत, सगळ्यांनी उचलून न्यायचं, वर आणखी बोलायचंही गोडीगुलाबीने. हे तर जावईबापूच की!" सगळे खो खो हसले आणि नाव कायमचं चिकटलं. मला ते आवडलं. उगाच कशाला खोटं बोलू?

माझा जन्म ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. जमिनीवर पसरलेलं हिरवं कापड, दाभण, मेण लावलेला दोरा आणि त्याचं अखंड गुणगुणणं, एवढंच मला आठवतं. छातीत त्याने झाकणं घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या भरल्या, म्हणजे मी तळाला जायला नको. हातापायांत वाळूच्या पिशव्या भरल्या, म्हणजे मी माणसाएवढा जड व्हावा. वरून कामावरचा एक जुना बॉयलर सूट, म्हणजे गळ्यापासून पायांपर्यंतचा एकच कपडा, चढवला. तो एका सुताराचा होता, काम सोडून गावी गेलेल्या. खिशात त्याच्या पेन्सिलीचा तुकडा राहिला होता. उन्हात वाळत पडलो की मला कधीकधी रंधा मारल्याचा आवाज ऐकू येई, ताज्या लाकडाचा वास येई. ती स्वप्नं माझी नव्हेत, त्या सुताराची असणार.

"डोळे, नाक काढू का?" कारागिराने विचारलं होतं.

"नको," उस्ताद म्हणाले. "चेहरा कुणाच्या तरी ओळखीचा निघतो. मग हात थरथरतो."

उस्ताद म्हणजे आम्हा सगळ्यांचे शिक्षक. उमेदीची सगळी वर्षं पाणबुड्याचं काम केलेला माणूस. आता गुडघे गेले होते, म्हणून काठावर स्टूल टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून बसत. पण पाण्याकडे अशा नजरेने बघत की वाटावं, जुन्या घराकडे बघतायत.

पाण्यात पडल्यावर काय होतं, ते सांगतो. आधी धप्पकन आवाज, आणि मग सगळे आवाज एकदम लांब जातात. क्रेनची घरघर, हातोड्यांचे घाव, माणसांची आरडाओरड, सगळं कुणी दुलईत गुंडाळून ठेवल्यासारखं. हिरवट उजेड हलत असतो. मग छातीतल्या बाटल्या मला हळूहळू वर आणतात, मी उताणा होतो आणि समोर फक्त आभाळ. त्या वेळी मला कशाचीच घाई नसते. घाई असते ती होडीतल्या माणसाला.

उस्तादांचा एक नियम होता, आणि त्या नियमापुढे भलेभले टरकत. बुडणाऱ्याला धरलं की त्याच्याशी बोलत राहायचं. मोठ्याने, न थांबता, होडीत घेईपर्यंत. "घाबरलेला माणूस तुम्हालाच मिठी मारून खाली नेतो," ते म्हणत. "त्याच्या कानात माणसाचा आवाज पडला पाहिजे. काहीही बोला. बोलणं थांबलं की मी शिट्टी मारणार, आणि तुम्ही नापास."

आता बाहुल्याशी काय बोलणार? पहिल्या पहिल्यांदा सगळे लाजायचे. "अहो जावईबापू, या, या," एवढं म्हणून फिदीफिदी हसायचे आणि शिट्टी वाजायची. पण ओढता ओढता दम लागला, की माणसाला बनवाबनवी सुचत नाही. मग जे मनात आहे तेच तोंडातून बाहेर पडतं. एका वेल्डरने मला सांगितलं की त्याला डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं आणि हे कुणाला कळलं तर त्याची धडगत नाही. एकाने आईबद्दल सांगितलं, एकाने नुसत्या शिव्या दिल्या, त्याही मोजून मापून, उस्तादांना ऐकू जातील म्हणून. मी सगळ्यांचं ऐकलं. माझ्या पोटात गोष्ट राहते.

अशाच एका तुकडीत वहिनी आली. तिचा नवरा काठावरच्या यार्डात सळया कापायचा, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. ती स्वतः सळया बांधायची. हातात पक्कड, कमरेला तारेचं भेंडोळं, आणि बोटं अशी चालत की बघत राहावं. नदीतल्या खांबासाठी बांधलेल्या सळयांच्या पिंजऱ्यात काही जागा इतक्या अरुंद होत्या की तिथे तिचेच हात जात. कामावरच्या साहेबांनाही ती तिथे हवी होती आणि तिलाही जायचं होतं. "एवढी वर्षं काठावर बसून सळया बांधल्या," ती नवऱ्याला म्हणाली होती, "एकदा तरी पुलावर उभी राहून बांधू दे की." पण पाण्यावर काम करायचं तर मला तीन मिनिटांत होडीत घेऊन दाखवावं लागे. तीन संधी मिळत. तिसऱ्यांदा नापास झालं की पुन्हा यार्डात.

पहिल्या खेपेला तिने माझी कॉलर धरली आणि गप्प. ओठ घट्ट मिटलेले, डोळे पाण्याकडे. माझ्याकडे नव्हे, माझ्याखालच्या पाण्याकडे.

"बोल!" काठावरून उस्ताद ओरडले. "अगं, काहीतरी बोल!"

तिच्या तोंडून शब्द फुटेना. शिट्टी वाजली.

दुसऱ्या खेपेला ती बोलली. अगदी हळू, पण उस्तादांना ओठ हलताना दिसले असावेत. ती म्हणाली, "मी आठ वर्षांची होते. माझी धाकटी बहीण खाणीच्या पाण्यात पडली. मी काठावर उभी होते, बापू. मला हाकसुद्धा मारता आली नाही. दुसऱ्याच कुणीतरी तिला काढलं. आता तिला दोन पोरं आहेत, मजेत आहे. पण मागच्या वेळी गप्पा मारता मारता हसत म्हणाली, ताई, तू तेव्हा नुसती बघत होतीस. हसत म्हणाली हो, पण मला ते इतकं लागलं…"

सांगता सांगता ती मला ओढत होती. कॉलर वर, खांदे वर, छाती होडीच्या कडेपर्यंत आली. आणि तिथेच अडकली. मी सत्तर किलोंचा, वर पाण्याने भिजलेला. ती काडीसारखी. दोनदा मी कडेवरून निसटलो. तीन मिनिटं संपली. ती होडीत मटकन बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. मला तेव्हा वाळूचा राग आला. माझ्याच अंगातल्या वाळूचा.

हे सगळं पैलवान बघत होता. पैलवान म्हणजे क्रेनला खुणा करणारा गडी. आखाड्याचं त्याने तोंडही पाहिलेलं नव्हतं, पण अंगाने आडवा-तिडवा, वजन शंभराच्या आसपास, म्हणून पैलवान. तिच्या नवऱ्याचा जिवलग. मनाने लोण्यासारखा. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं की याचं नाक आधी लाल व्हायचं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो स्टोअरमध्ये आला. मी कोपऱ्यात पाणी गाळत बसलो होतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून चाकू काढला आणि माझ्या मांड्यांवरची शिवण उसवली.

"बापू, माफ करा," तो पुटपुटला. "पोरगी चांगली आहे हो. एवढ्याशावरून तिचं काम जायला नको."

दोन्ही मांड्यांतल्या पिशव्या त्याने बाहेर ओढल्या. चांगली वीस-बावीस किलो वाळू असेल. त्या जागी रिकाम्या गोण्या कोंबल्या, शिवण पुन्हा घातली, आणि हात झटकून निघून गेला. एखाद्याला उपकाराचं ओझं वाटू नये म्हणून गुपचूप मदत करतात ना, तसा गेला. मला वाटलं, ओरडावं. पण मला तोंडच शिवलेलं नाही.

तिसऱ्या खेपेला वहिनीने मला दोन मिनिटं दहा सेकंदांत होडीत घेतलं. काठावर टाळ्या वाजल्या. तिचा नवरा यार्डातून पळत आला होता, हातात सळईचा तुकडा तसाच. वहिनी मला मिठी मारून हसत होती, रडत होती. "जमलं, बापू, जमलं!" तिचा आनंद खरा होता आणि मी खोटा होतो. सुखाचं असं टोचणं मी पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं.

उस्तादांच्या लक्षात कसं आलं नाही? गुडघ्यांमुळे ते मला कधी उचलत नसत. त्या दिवसापासून मला होडीत टाकायचं काम पैलवान स्वतःहून करू लागला. "तुम्ही बसा उस्ताद, मी आहे ना." त्यानंतर आणखी दोन तुकड्या माझ्यावर पास झाल्या. सगळे म्हणत, हल्लीची पोरं दमदार आहेत. मी पाण्यावर पूर्वीपेक्षा उंच तरंगायचो, छाती वर काढून. ते हलकेपण सुखाचं होतं, हे कबूल करतो. उन्हात डुलत राहावं, आणि अंगात काही नाहीच असं वाटावं. पण डुलता डुलता मध्येच आठवायचं, की माझ्यावर शिकलेले हे हात उद्या खऱ्या माणसाला धरणार आहेत.

पास झालेल्यांना आठवड्यातून एक दिवस बचावाच्या होडीवर पाळी असे. काम चालू असेपर्यंत होडी खांबांच्या आसपास पाण्यातच राहायची. इंजिनावर नावाडी, पुढे पाळीवालं माणूस. त्या दिवशी वहिनीची पाळी होती. चहानंतर नव्या तुकडीचा सराव होता, म्हणून मीही होडीच्या तळाशी आडवा पडलेलो. वर आभाळ, त्यात क्रेनचा लांब हात सावकाश फिरतोय. मला गुंगी आली होती.

मग धप्प झालं. तो आवाज मी कुठेही ओळखेन. पण या वेळी पडणारा मी नव्हतो.

"पैलवान पडला!" वरून कुणीतरी किंचाळलं.

फळ्यांच्या वाटेवरून मागे मागे सरकत तो क्रेनला खुणा करत होता आणि फळी संपली होती. लाइफ जॅकेट अंगात होतं, पण पोटावर आवळतं म्हणून त्याने खालचे दोन पट्टे मोकळे ठेवलेले. जॅकेट त्याच्या गळ्याशी आलं होतं, आणि हा त्याच्यातून खाली निसटत होता. नावाड्याने होडी फिरवली. मला फक्त वहिनीची पाठ दिसत होती. ती पालथी झाली, तिचे दोन्ही हात पाण्यात गेले आणि होडी तिच्या बाजूला कलली.

"धरलंय!" ती ओरडली. "धरलंय, भाऊजी, धरलंय मी!"

तिने ओढलं. शिकवल्याप्रमाणे सगळं बरोबर केलं. मी तळाशी पडून मोजत होतो. एकदा, दोनदा, तीनदा. तो कडेपर्यंतही येईना. तिला काही कळेना.

"येत का नाही?" ती रडकुंडीला आली. "बापू तर येतात! तसंच ओढतेय ना मी!"

माझ्या अंगावर काटा येऊ शकला असता तर तेव्हा आला असता.

नावाड्याला इंजिन सोडता येत नव्हतं. सोडलं असतं तर प्रवाहाने होडी खांबावर आपटली असती, आणि मध्ये पैलवान होता. तो म्हणाला, "वहिनी, घेऊ नकोस वर. नुसतं तोंड पाण्याबाहेर धर. मी उथळात नेतो, पण हळू न्यावं लागेल. जोरात नेलं तर पाणी त्याच्या नाकात जाईल. धरवेल ना?"

"चला," ती म्हणाली.

आणि मग ती बोलायला लागली. "भाऊजी, माझ्याकडे बघा. पाण्याकडे नाही, माझ्याकडे. तुमचा डबा काय होता आज? बोलू नका, मीच सांगते, माझ्या घरचा होता. तुम्ही रोज आमच्या डब्यातलं खाता आणि वर मीठ कमी म्हणता. परवा म्हणालात की नाही? आज मुद्दाम जास्त घातलं होतं. पाय मारू नका, ढिले सोडा. सोडा म्हणते ना! हां, असं."

पैलवानाचा आवाज आला. तो घोगरा होता, पाणी प्यायलेला. "वहिनी… ऐक. बापूंच्या मांड्यांतली वाळू मी काढली होती. तू पास व्हावीस म्हणून. माझीच करणी मला…"

तिची पाठ ताठ झाली. मला वाटलं, आता तिचे हात सुटतात.

"गप्प बसा," ती म्हणाली. "बोलायचं काम माझं आहे. तुम्ही फक्त श्वास घ्या. घ्या. सोडा. तुमची करणी काढते मी काठावर गेल्यावर, चांगली काढते. आधी काठावर तर या. घ्या श्वास."

अकरा मिनिटं. ती अकरा मिनिटं बोलत होती, एकदाही न थांबता. शेवटी शेवटी शब्द संपले, तेव्हा ती सळया मोजायला लागली. "एक, दोन, तीन, तार फिरव. एक, दोन, तीन, तार फिरव." तिचे खांदे थरथरताना मला दिसत होते. मी तिच्या पायांशी होतो, गोण्यांनी भरलेला, निरुपयोगी. देवाशपथ सांगतो, तेव्हा मला माझी वाळू परत हवी होती.

उथळात माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. सगळ्यांच्या पुढे उस्ताद, त्या दुखऱ्या गुडघ्यांसकट. त्यांनी पैलवानाला काखेतून धरलं तरी वहिनीची बोटं कॉलरवरून सुटेनात. एकेक बोट उघडावं लागलं. पैलवान जिवंत होता. खांदा निखळला होता, थंडीने दात वाजत होते, पण जिवंत होता.

साहेब आले, पाठ थोपटली, म्हणाले, "शाब्बास! हिचं नाव फळ्यावर लावा."

वहिनी म्हणाली, "लावू नका. मी नापास आहे."

मग तिने उस्तादांना सगळं सांगितलं, पैलवानासमोर. तो मान खाली घालून बसला होता, अंगाभोवती घोंगडी. ती त्याच्यावर बरसली. "तुम्हाला माझी दया आली, नाही का? मला विचारायचं तरी! मी यार्डात बसले असते, वर्षभर बसले असते. आज तुम्ही गेला असतात तर तुमच्या बायकोने विचारलं असतं, कुणाच्या हातून गेला म्हणून. माझ्या हातून, असं सांगावं लागलं असतं. माझ्या! पुन्हा काठावर उभी राहून मी नुसती बघणारी झाले असते." आणि मग त्याचाच तो बरा असलेला हात धरून ती ढसाढसा रडली. पैलवानही रडला. दोघांना रडू देऊन नावाडी मात्र इंजिनाचं तेल बघत बसला, म्हणजे त्याच्याकडे कुणी बघू नये.

उस्ताद म्हणाले, "चूक माझी. मी एकदाही बापूंना काट्यावर ठेवलं नाही." आणि दोन्ही नव्या तुकड्यांचे दाखले त्यांनी परत मागवले.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये वहिनीने स्वतः माझी शिवण उसवली. गोण्या काढल्या. पैलवान गळ्यात हात अडकवून समोर बसला होता, दुसऱ्या हाताने पिशवीचं तोंड धरून. ती वाळू ओतत होती, काट्यावर बघत होती.

"सत्तर झाले," तो म्हणाला.

"आणखी."

"अगं, सत्तरचाच नियम आहे."

"तुम्ही किती किलोंचे?"

पैलवान ओशाळला. "सत्त्याण्णव."

"मग आणखी," ती म्हणाली आणि ओतत राहिली. माझे पाय भरत गेले. मांड्या भरल्या, पोटऱ्या भरल्या. आपण पुन्हा कुठेतरी जमिनीवर टेकतोय, असं मला खूप दिवसांनी वाटलं.

ती यार्डात परत गेली, स्वतःहून. रोज काम संपल्यावर अर्धा तास मला पाण्यात टाकायची आणि ओढायची. उस्तादांनी तिला एक युक्ती शिकवली. अंगातल्या जोराने ओढायचं नाही. बुडणाऱ्याला आधी जरासं खाली दाबायचं, जॅकेट आणि पाणी मिळून त्याला वर ढकलतात, त्याच झोक्यात आपण घ्यायचं. दोन महिने ती हरत होती. कितीदा मी कडेवरून निसटलो, त्याला गणतीच नाही. एक दिवस तिने मला दाबलं, मी वर उसळलो, आणि पुढच्या क्षणी मी होडीच्या तळाशी होतो, तिच्या अंगावर. सत्त्याण्णव किलो. ती माझ्याखाली दबली होती आणि तशीच पडून बोलत होती, कारण अजून शिट्टी वाजली नव्हती.

आता ती खांबावर काम करते. मीही म्हातारा झालो आहे. सुताराचा सूट कोपरांवर फाटलाय, पाठीवर ठिगळं आहेत, दोन बाटल्या फुटून पाणी प्यायल्यात. माझ्या छातीवर वहिनीने रंगाने माझं वजन लिहिलंय, आणि प्रत्येक सरावाआधी मला काट्यावर चढवतात. पुढच्या महिन्यात माझ्या जागी दुसरा कुणीतरी येणार असं ऐकतो. त्याला चेहरा असेल म्हणे.

माझं काही म्हणणं नाही. एवढं बुडून झाल्यावर माणसाला, म्हणजे मला, झोप लागायला हवी. पण जाता जाता एक मागणं आहे. नव्या तुकडीत कुणीतरी काडीसारखी येईल. ती दोनदा हरेल, होडीत मटकन बसेल आणि आपल्या हातांकडे बघत राहील. तुमचं मन चांगलं आहे, हात चाकूकडे जाईल. त्या वेळी तिच्याजवळ जाऊन बसा. तिला पाणी द्या, तिचे खांदे चोळून द्या, उद्या पुन्हा तिच्याबरोबर पाण्यात उतरा. पण आमच्यातली वाळू काढू नका. तिच्या हाताला लागणारा तो पुढचा माणूस तुम्हीच असाल, आणि तिला तुम्ही जड आहात हे आधीपासून ठाऊक असलं पाहिजे.